चिंतामणरावांचे येणे आणि अमेरिकेची सावकारी

चेन्नईहून मामल्लपुरमकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावर कोवलम हे मच्छीमारांचे गाव लागते. केरळातील त्याच नावाच्या प्रसिद्ध किनाऱ्याशी त्याची गल्लत होते, आणि दिल्लीतील आमच्या परिचयाच्या अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांची ती होतेच. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत या गावाला कोव्हलाँग म्हटले आहे. १७५२ मध्ये येथील किल्ला फ्रेंच पक्षाकडे होता. इंग्लंडहून नुकत्याच उतरलेल्या, तोफेचा आवाजही न ऐकलेल्या रंगरुटांची तुकडी घेऊन रॉबर्ट क्लाइव्हने तो जिंकला आणि पुढे तो जमीनदोस्त करण्यात आला. आज त्या जागी एक तारांकित हॉटेल उभे आहे. अधिवेशन संपल्यावर दोन दिवस सवड काढून प्रस्तुत लेखक तेथे गेला होता, तेव्हा मनात क्लाइव्हपेक्षा दुसऱ्याच एका माणसाचा विचार अधिक घोळत होता. या किनाऱ्यावर इंग्रजांचा जो व्यवहार तोफा आणि हिशेबाच्या वह्या यांच्या जोडीने सुरू झाला, त्याची शेवटची वही मिटण्याच्या वेळी तिचा भारतीय बाजूचा रखवालदार एक मराठी माणूस होता. त्याला केवळ इंग्रजांशी हिशेब करायचा नव्हता. इंग्रजांच्या पाठीशी तेव्हा एक नवा सावकार येऊन बसला होता, आणि त्या सावकाराच्या मनात इंग्रजांविषयी काय आहे यावर भारताचे येणे बरेचसे अवलंबून होते.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव मराठी घरांत प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी घेतले जाते : मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले येऊन मिळवलेली संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आणि मुंबईसाठी दिलेला राजीनामा. या दोहोंच्या मधल्या काळात त्यांनी जे काम केले, ते आकड्यांचे असल्यामुळे आपल्या स्मरणात राहिलेले नाही. वस्तुतः ते काम समजल्याखेरीज राजीनाम्याचाही पुरता अर्थ लागत नाही.

१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी त्यांचा जन्म झाला. वडील वकील होते. बालपण कुलाबा जिल्ह्यातच, बरेचसे रोह्यात गेले. १९१२ ची मॅट्रिक, नंतर केंब्रिजचे जीझस कॉलेज, तेथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय, वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक आणि १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक, असा हा चढता आलेख आहे. पत्नी रोझिना इंग्रज होत्या. नोकरी मध्य प्रांत व वऱ्हाडात झाली. महसूल आणि अर्थ या खात्यांत त्यांनी नाव कमावले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते. थोडक्यात, इंग्रजी राज्याच्या चौकटीत एखादा हिंदी मनुष्य जितका आत जाऊ शकत होता तितके आत गेलेले हे गृहस्थ होते. १९४४ मध्ये त्यांना 'सर' ही पदवीही मिळाली. स्वातंत्र्य आंदोलनातील मंडळींनी अशा माणसाकडे संशयाने पाहणे स्वाभाविक होते. अमेरिकनांनीही त्याच दृष्टीने पाहिले, हे विशेष.

जुलै १९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. दोन महिन्यांत महायुद्ध सुरू झाले. १९४१ च्या अखेरीस ते उपगव्हर्नर झाले आणि सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ऑगस्ट १९४३ मध्ये बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. या पदाला युद्धकाळात जे महत्त्व आले, त्यामागील यंत्रणा समजून घेतली पाहिजे. भारतभूमीवर आणि भारताबाहेर ब्रिटनच्या वतीने होणारा युद्धखर्च प्रथम भारत सरकार रुपयांत करी. ब्रिटन त्याचा मोबदला लंडनमध्ये पौंडांत जमा करी. ते पौंड रिझर्व्ह बँकेच्या नावे साठत आणि त्यांच्या तारणावर बँक येथे नवीन नोटा काढी. माल, धान्य, कापड आणि माणसे युद्धावर गेली. मागे उरल्या नोटा. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातील नोटा सहापटींहून अधिक झाल्या. भाव भडकले, आणि १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली. दुष्काळाची कारणे अनेक होती हे खरे. परंतु नोटांचा हा पूर त्यांतील एक कारण होता हे आता कोणी नाकारत नाही.

या व्यवहाराची दुसरी बाजू म्हणजे लंडनमधील शिल्लक. युद्धापूर्वी भारत ब्रिटनचा ऋणको होता. ते बहुतेक सारे सरकारी कर्ज युद्धकाळात फिटले आणि त्याउप्पर १९४६ च्या सुमारास १,७०० कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे सुमारे १३० कोटी पौंड, भारताचे ब्रिटनकडे येणे झाले. गुलाम धनको आणि मालक ऋणको अशी ही विलक्षण स्थिती होती. चर्चिल यांना ती असह्य वाटे. भारताचे रक्षण आम्ही केले, तेव्हा त्याचा प्रतिदावा मांडून हे येणे कापून टाकावे, असे त्यांचे मत होते. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या दृष्टीने मात्र ही रक्कम म्हणजे उपासमारीच्या मोबदल्यात मिळालेली पावती होती, आणि पावतीवरील आकडा बदलण्याचा अधिकार एकट्या ऋणकोला नसतो.

येथे अमेरिका रंगमंचावर येते. त्या काळातील अमेरिकन मन ब्रिटनविषयी दुभंगलेले होते. एकीकडे भाषा, कायदा आणि युद्धातील सोबत. दुसरीकडे साम्राज्याविषयी जन्मजात तिटकारा. अटलांटिक सनद हिंदुस्थानला लागू नाही असे चर्चिल यांनी जाहीर केल्यावर तो तिटकारा वाढला. रूझवेल्ट यांनी १९४२ मध्ये लुई जॉन्सन आणि त्यानंतर विल्यम फिलिप्स हे वैयक्तिक प्रतिनिधी दिल्लीला पाठवले. दोघेही ब्रिटिश कारभाराविषयी प्रतिकूल मत घेऊन परतले. फिलिप्स यांचे राष्ट्राध्यक्षांना लिहिलेले पत्र जुलै १९४४ मध्ये वृत्तपत्रात फुटले आणि लंडन संतापले. आपल्याकडील वाचकाला यावरून असे वाटेल की अमेरिका भारताच्या बाजूने उभी होती. देशमुख यांना त्याच महिन्यात उलटा अनुभव येत होता.

१ ते २२ जुलै १९४४ या काळात न्यू हॅम्पशायरमधील ब्रेटन वूड्स येथे ४४ राष्ट्रांची आर्थिक परिषद भरली. भारतीय शिष्टमंडळाचे नेते अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन होते, म्हणजे इंग्रजच. सोबत सर थिओडोर ग्रेगरी हे आणखी एक इंग्रज. भारतीयांत देशमुख, कोइम्बतूरचे षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ. अशा शिष्टमंडळाचे मत म्हणजे लंडनचेच आणखी एक मत, अशी अमेरिकन अर्थखात्याची समजूत असल्यास नवल नाही. त्या खात्याचे हॅरी डेक्स्टर व्हाइट यांनी नाणेनिधीतील वाट्यांचे गणित मांडताना ब्रिटन आणि त्याच्या वसाहती मिळून अमेरिकेच्या साधारण निम्म्यावर राहतील, अशी काळजी घेतली होती. चौथे स्थान चीनला द्यायचे हे राजकारणाने आधीच ठरवलेले होते. भारताला ४० कोटी डॉलर, फ्रान्सला ४५ आणि चीनला ५५ असा हिशेब झाला. युद्धातील योगदान आणि परदेशी व्यापार पाहता हा आकडा भारतीय प्रतिनिधींना मान्य नव्हता, आणि त्यांनी ते लपवले नाही.

खरा संघर्ष स्टर्लिंग शिलकीवर झाला. या युद्धकालीन शिलकीचा काही भाग तरी डॉलरसारख्या चलनात बदलून मिळण्याची सोय नव्या नाणेनिधीतून व्हावी, अशी भारताची मागणी होती. इजिप्तचा तिला पाठिंबा होता. श्रॉफ यांनी ती जोरकसपणे मांडली. देशमुख यांचा स्वभाव व्यासपीठावरील वक्त्याचा नव्हता, मसुद्याच्या शब्दाशब्दावर अडून बसणाऱ्याचा होता. ब्रिटनने विरोध केला, ते समजण्यासारखे होते. अमेरिकेनेही केला. निधीची तिजोरी मुख्यतः अमेरिकन डॉलरांनी भरणार होती, आणि ब्रिटनच्या जुन्या देण्याचा बोजा त्या तिजोरीवर येऊ देण्याची वॉशिंग्टनची तयारी नव्हती. साम्राज्य वाईट होते. पण साम्राज्याने केलेले कर्ज हा अमेरिकन करदात्याचा प्रश्न नव्हता. अखेरीस केन्स यांनी धनकोंचे आभार मानून ब्रिटन हे देणे सन्मानाने फेडील असे आश्वासन दिले आणि विषय परिषदेपुरता मिटला.

या परिषदेतून भारताच्या हाती काहीच लागले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मागासलेल्या देशांच्या विकासाचा उल्लेख निधीच्या उद्देशांत व्हावा, हा भारतीय आग्रह पातळ स्वरूपात का होईना, मान्य झाला. पुढे सोव्हिएत संघ सभासद झालाच नाही, त्यामुळे कार्यकारी मंडळावरील पाच मोठ्या वाटेकऱ्यांच्या जागांपैकी एक भारताकडे आली. देशमुख पुढील जवळजवळ दहा वर्षे निधी आणि जागतिक बँकेच्या गव्हर्नर मंडळांवर होते. १९५० मध्ये पॅरिसच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

त्याच वर्षी, म्हणजे १९४४ मध्ये, अमेरिकेने उधार-उसनवारीच्या योजनेखाली भारताला २२ कोटी ६० लाख औंस चांदी देण्याचे मान्य केले. नोटांवरचा विश्वास उडू लागला होता. नाण्यांसाठी आणि महागाई आवरण्यासाठी ही चांदी हवी होती. अट अशी की युद्धानंतर ती औंसाला औंस परत करावी. ब्रिटन पौंडाची नोंद करून माल नेत होते आणि अमेरिका वजन करून चांदी देत होती. सावकारीच्या दोन पद्धतींमधील हा फरक गव्हर्नरच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

युद्ध संपताच अमेरिकेने ब्रिटनला धक्का दिला. ट्रुमन यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये उधार-उसनवारी एका फटक्यात बंद केली. केन्स वॉशिंग्टनला धावले. त्यांना अनुदान हवे होते, मिळाले कर्ज. ६ डिसेंबर १९४५ च्या करारानुसार ३ अब्ज ७५ कोटी डॉलर, दोन टक्के व्याजाने, पन्नास हप्त्यांत. अटी दोन महत्त्वाच्या. काँग्रेसची मंजुरी मिळाल्यापासून वर्षभरात पौंड डॉलरमध्ये बदलण्याची मुभा द्यायची, ही पहिली. दुसरी अट थेट भारताशी निगडित होती. ब्रिटनने धनको देशांशी बोलणी करून स्टर्लिंग शिलकीचे तीन भाग करावेत. एक लगेच मोकळा करावा, दुसरा १९५१ पासून हप्त्यांनी द्यावा आणि तिसरा धनकोंनी युद्धातील आपला वाटा समजून सोडून द्यावा, अशी अपेक्षा करारात लिहिली गेली.

या तिसऱ्या भागाकडे नीट पाहिले पाहिजे. अमेरिकेने आपले उधार-उसनवारीचे येणे ब्रिटनला जवळजवळ माफ केले होते. मग भारत आणि इजिप्त यांनी का करू नये, हा तिचा प्रश्न होता. श्रीमंत सावकाराने दाखवलेला उदारपणा गरीब सावकारानेही दाखवावा, असा हा न्याय. अमेरिकन शेतकरी युद्धात श्रीमंत झाला होता आणि बंगालचा शेतकरी मेला होता, हा तपशील त्या न्यायात बसत नव्हता.

१९४६ च्या पहिल्या सहामाहीत अमेरिकन काँग्रेसमध्ये या कर्जावर जी चर्चा झाली, ती त्या देशाच्या ब्रिटनविषयक दृष्टीचा आरसा आहे. पहिल्या महायुद्धाचे कर्ज ब्रिटनने बुडवले याची आठवण अनेकांनी काढली. मजूर सरकार खाणी आणि बँक राष्ट्रीयीकृत करते आहे, तेव्हा आपल्या पैशाने समाजवाद का पोसावा, असे रिपब्लिकन विचारत होते. सिनेटर टॅफ्ट यांनी विरोध केला. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर यांची तक्रार दुहेरी होती : हे कर्ज देशात समाजवादाला आणि देशाबाहेर साम्राज्यशाहीला खाद्य पुरवील. भारताची डॉलर मिळकत लंडनच्या सामाईक गंगाजळीत अडकते, हेही ते सांगत आले होते. भारतीयांना अमेरिकन नागरिकत्वाचा हक्क देणारा आणि वर्षाला शंभरांचा कोटा ठरवणारा जुलै १९४६ चा कायदा याच सेलर यांच्या नावाने ओळखला जातो. सभागृहात आणखीही एक आक्षेप वारंवार येत होता : आपले डॉलर लंडनमार्गे भारत आणि इजिप्तची देणी फेडण्यात जाणार नाहीत ना? म्हणजे भारताविषयी सहानुभूती असलेले आणि नसलेले असे दोन्ही पक्ष, वेगवेगळ्या कारणांनी का होईना, भारताला लगेच पैसे मिळू नयेत या एकाच ठिकाणी पोहोचत होते. शेवटी कर्ज मंजूर झाले ते रशियाच्या भयाने. सिनेटमध्ये ४६ विरुद्ध ३४ आणि प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध १५५ अशी मते पडली.

दिल्लीत आणि मुंबईत या बातम्या बारकाईने वाचल्या जात होत्या. तिसऱ्या भागाची कल्पना देशातील कोणत्याही पक्षाला, व्यापारी मंडळाला किंवा वर्तमानपत्राला मान्य होण्यासारखी नव्हती. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याचे शिष्टमंडळ दिल्लीत आले आणि तडजोडीविना परतले. देशमुख यांच्यासारख्या, केंब्रिजमध्ये शिकलेल्या आणि 'सर' झालेल्या माणसाने तेथे मवाळपणा दाखवावा अशी अपेक्षा लंडनमध्ये कोणी केली असेल, तर ती फोल ठरली. नोकरशहाची निष्ठा कोणाशी असते, या प्रश्नाचे त्यांच्या परीने उत्तर असे होते की ती हिशेबाशी असते. आमच्या राजधानीतील आजच्या सनदी अधिकाऱ्यांनी हे वाक्य फलकावर लिहून लावावे असे सुचवण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

दरम्यान अमेरिकन दृष्टी वेगाने बदलत होती. फेब्रुवारी १९४७ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार यापुढे पेलणार नाही, असे ब्रिटनने वॉशिंग्टनला कळवले. ज्या साम्राज्याची मक्तेदारी मोडायची म्हणून अटी घातल्या होत्या, ते आपणहून कोसळत आहे हे अमेरिकनांच्या तेव्हा लक्षात आले. १५ जुलै १९४७ रोजी पौंड अटीप्रमाणे बदलता झाला. पाच आठवड्यांत डॉलर आटले आणि २० ऑगस्टला सवलत मागे घ्यावी लागली. या दोन तारखांच्या मधोमध १४ ऑगस्टला लंडनमध्ये भारताशी पहिला अंतरिम स्टर्लिंग करार झाला. देश स्वतंत्र होण्याच्या आदल्या दिवशी त्याचे ११६ कोटी पौंडांचे येणे लेखी मान्य झाले. त्यातील फारच थोडी रक्कम वापरण्यास मोकळी होती. बाकीची दुसऱ्या क्रमांकाच्या खात्यात बंद. पण आकडा कापला गेला नव्हता.

पुढील वर्षी जुलै १९४८ चा करार झाला, तेव्हा देशमुख यांचे ब्रेटन वूड्समधील सहकारी षण्मुखम चेट्टी स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री होते. इंग्रजांनी मागे ठेवलेली लष्करी सामग्री व बांधकामे यांपोटी १० कोटी पौंड आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या तरतुदीसाठी चौदा कोटींहून अधिक वळते करण्यात आले. ते सौदे महाग पडले अशी टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरीही युद्धातील वाटा म्हणून सोडून देण्याचा तो तिसरा भाग कागदावरच राहिला. याचे सर्व श्रेय एका गव्हर्नरला देणे चुकीचे. फाळणीच्या धामधुमीत दोन देशांचे चलन सांभाळत, १ जानेवारी १९४९ ला बँकेचे राष्ट्रीयीकरण पार पाडत त्यांनी हा धागा हातचा सुटू दिला नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

एक तोटा मात्र कोणालाच टाळता आला नाही. मार्शल योजनेतील सर्वांत मोठा वाटा ब्रिटनला मिळत होता, आणि ते डॉलर स्टर्लिंग हप्त्यांच्या रूपाने भारताकडे पाझरतात अशी कुरकुर वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली होती. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे तीस टक्क्यांवर अवमूल्यन केले, पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आला. रुपयाही त्यामागून गेला. ज्या येण्यातील एक पौंडही कापू दिला नाही, त्याची डॉलर बाजारातील किंमत एका रात्रीत जवळजवळ एक तृतीयांशाने उतरली. हे कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते.

त्याच सप्टेंबरात नेहरूंनी देशमुख यांना युरोप आणि अमेरिकेसाठी विशेष आर्थिक राजदूत नेमले. रोझिना यांचे निधनही १९४९ मधलेच. वॉशिंग्टनमध्ये त्यांनी गव्हाच्या कर्जाची प्राथमिक बोलणी केली. तेथे त्यांना आढळले ते पूर्वीचेच : ब्रिटनविषयी अमेरिकनांची तक्रार ही आता घरातल्या माणसाविषयीची तक्रार झाली होती, तर भारत हा बाहेरचा, शिवाय शीतयुद्धात बाजू न घेणारा अर्जदार होता. ऑक्टोबरमध्ये नेहरूंच्या दौऱ्यातही गहू पदरात पडला नाही. काँग्रेसने बराच काळ लांबवून अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलर मंजूर केले, अनुदान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. तोवर देशमुख भारताचे अर्थमंत्री झाले होते. नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून जॉन मथाई यांनी राजीनामा दिला, आणि त्या आयोगाचे सदस्य असलेले देशमुख त्यांच्या जागी आले.

लंडनमध्ये अडकलेल्या त्या पौंडांचे पुढे काय झाले, हे पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या ताळेबंदात दिसते. योजनेत २९० कोटी रुपयांचा तुटीचा अर्थभरणा धरला होता आणि तो साधारणतः स्टर्लिंग हप्त्यांच्या रकमेइतका ठेवला होता. नोटा वाढतील, पण त्यांच्या मागे या वेळी बाहेरून खरा माल येईल, असा तो हिशेब होता. १९४३ ची चूक उलट्या दिशेने दुरुस्त करण्याचा हा प्रयत्न होता, असे आमचे मत आहे. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १९५६ च्या जानेवारीत आयुर्विमा सरकारकडे आला. देशमुख यांच्यानंतर अर्थखाते मद्रासच्या टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे गेले, आणि दुसऱ्या योजनेच्या पहिल्या दोन वर्षांत उरलीसुरली गंगाजळी झपाट्याने संपली.

जुलै १९५६ चा शेवटचा आठवडा या कथेत दोन कारणांनी लक्षात ठेवावा लागतो. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता झाला आणि तेथील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, या कारणांसाठी कुलाब्याचे खासदार असलेल्या अर्थमंत्र्यांनी पद सोडले आणि लोकसभेत पंतप्रधानांसमोर निवेदन केले. ते निवेदन संसदेच्या छापील कामकाजात आहे. भावनेचा एक शब्द त्यात जास्तीचा नाही. घटनाक्रम, तारखा आणि कार्यपद्धतीतील दोष यांचीच मांडणी आहे. शिलकीचा आकडा एकतर्फी बदलता येत नाही, तसा राज्याचा नकाशाही बदलता येत नाही, असे म्हणणाऱ्या माणसाचे ते निवेदन वाटते.

त्याच आठवड्यात, २६ जुलैला, नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. इजिप्त हा ब्रेटन वूड्समधील भारताचा सहधनको. पुढे ब्रिटनने फ्रान्स आणि इस्रायलसह लष्करी कारवाई केली, तेव्हा आयसेनहॉवर सरकारने सैन्य धाडले नाही. पौंड घसरत असताना नाणेनिधीच्या मदतीला पाठिंबा देण्याचे फक्त नाकारले. सैन्य मागे घेतल्यावर पैसे मिळाले. साम्राज्याविषयीचा अमेरिकन तिटकारा आणि अमेरिकन सावकारी यांनी या वेळी प्रथमच एका दिशेने काम केले. देशमुख तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद सांभाळत होते.

उरलेले आयुष्य थोडक्यात सांगता येईल. १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला होता. मद्रासमध्ये आंध्र महिला सभा उभारणाऱ्या, घटना समितीतील त्या तेजस्वी सदस्या. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्याने राष्ट्रपतिपदाची हरलेली निवडणूक, मेघदूताचा मराठी अनुवाद. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. ज्या कर्जासाठी ब्रिटनने १९४५ मध्ये अमेरिकेच्या अटी मान्य केल्या, त्याचा शेवटचा हप्ता त्यानंतर चोवीस वर्षांनी, डिसेंबर २००६ च्या अखेरीस फेडला गेला. भारताचे येणे त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधीच वसूल होऊन खर्चही झाले होते.

दिल्लीत लोदी उद्यानाला लागून असलेले इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही देशमुख यांनी उभी केलेली संस्था आहे. तिच्या इमारतीसाठी रॉकफेलर फाउंडेशनचे पैसे आले आणि आराखडा जोसेफ अॅलन स्टाइन या अमेरिकन वास्तुविशारदाचा. तेथील सभागृहाला सी. डी. देशमुख यांचे नाव आहे. वॉशिंग्टन किंवा लंडनहून आलेला एखादा पाहुणा तेथे जागतिक अर्थव्यवस्थेवर बोलत असतो, तेव्हा शेवटच्या रांगेत चारदोन मराठी अधिकारी बसलेले असतात, आणि बाहेर पडताना दारावरील नावाकडे त्यांची नजर जातेच.